भाकरी सोडून धावणारी पोरं

पोलीस भरतीची कुणकुण लागली की पाचोड, पैठण, अंबड या पट्ट्यात पहाटेच रस्त्याच्या कडेनं पोरं पळू लागतात. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत त्यांचे बूट बदलले, घड्याळं बदलली, पण सगळ्यात जास्त बदललं ते खाणं. आधी भिजवलेले हरभरे आणि गूळ-शेंगदाणे होते. मग उकडलेली अंडी आली, मग पावडरचे डबे, आणि त्यांच्या मागोमाग मोबाईलवरून सल्ला आला: भाकरी-भात बंद, कार्ब्स वाईट. जिथं पिढ्यान् पिढ्या भाकरीवर राबल्या तिथली पोरं भाकरीला घाबरू लागली. विज्ञान मात्र शंभर वर्षं नेमकं उलट सांगत आलं आहे.

1924 साली अमेरिकेत बोस्टन मॅरेथॉन संपताच डॉक्टरांनी काही धावपटूंचं रक्त तपासलं. ज्यांचे हाल जास्त, त्यांच्या रक्तात साखर कमी. पुढच्या वर्षी त्यांना आधी पिष्टमय जेवण आणि शर्यतीत गोड गोळ्या दिल्या, तेव्हा साखरही टिकली आणि माणसंही. पण स्नायूच्या आत काय चालतं ते कळायला 1966 उजाडलं. स्वीडनच्या बर्गस्ट्रॉम आणि हुल्टमन यांनी प्रयोग स्वतःवरच केला. एकाच सायकलच्या दोन बाजूंना बसून दोघांनी एकेका पायानं दमेपर्यंत पॅडल मारलं आणि जाड सुईनं मांडीतले स्नायूंचे तुकडे काढले. राबलेल्या पायातलं ग्लायकोजेन जवळपास संपलेलं, बसून राहिलेल्या पायातलं जसंच्या तसं. मग तीन दिवस भरपूर कर्बोदकं खाल्ल्यावर राबलेल्या पायातला साठा दुसऱ्याच्या दुप्पट झाला!

ग्लायकोजेन म्हणजे साखरेचे रेणू जोडून केलेला साठा. चांगलं खाल्लेल्या माणसाच्या स्नायूंत तो साधारण 400 ग्रॅम, यकृतात 100 च्या आसपास. यकृत आपल्यातली साखर रक्तात सोडून साऱ्या शरीराला पुरवतं. स्नायूची कणगी मात्र घरच्यापुरतीच. तिथून शेजारच्या स्नायूलाही साखर उसनी मिळत नाही, कारण ती रक्तात सोडणारं विकर स्नायूत नसतं. म्हणून मांड्या रिकाम्या झाल्या तर दंडातला साठा कामाचा नाही.

भरतीत पाच-साडेपाच मिनिटांत सोळाशे मीटर मारायचे तर चरबीवर भागत नाही. ती जळायला वेळ घेते. तेव्हा स्नायू ग्लायकोजेन भराभर फोडतो आणि लॅक्टेट साचतं. दुसऱ्या दिवशी पाय धरतात ते त्यामुळेच, असं अजूनही मैदानावर ऐकू येतं. खरं तर लॅक्टेट तासाभरात सरतं. हृदय आणि इतर स्नायू तेच इंधन म्हणून वापरतात. दुखणं असतं ते स्नायूंच्या तंतूंना झालेल्या बारीक इजांचं.

एका सोळाशेत कणगी रिकामी होत नाही, हेही खरं. ती आठवडाभरात खंगते. सकाळी चारशे-चारशेच्या फेऱ्या, संध्याकाळी पुन्हा पळणं, वर बैठका, आणि ताटात अंडी नि काकडी. अंड्यानं स्नायूची डागडुजी होते, साठा भरत नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी पाय शिशाचे होतात, वेळ वाढते, आणि पोरगं आणखी एक अंडं वाढवतं.

पळून थांबल्यावर तासभर स्नायू इन्सुलिनची वाट न पाहता रक्तातली साखर आत ओढतो. 1988 साली टेक्सासात आयव्ही आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की खाणं दोन तास लांबवलं तर साठा भरण्याचा वेग बराच मंदावतो. त्यावरून लगेच ‘अर्ध्या तासात खा’चा धाक सुरू झाला, तो जरा जास्तच. पुढचं पळणं चोवीस तासांनी असेल तर दिवसभरात एकूण किती खाल्लं ते महत्त्वाचं. त्याच दिवशी पुन्हा पळायचं असेल तरच घाई, आणि तेव्हा पहिले काही तास किलोमागे तासाला एक ग्रॅम कर्बोदक. शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठात ते सत्तरच्या आसपास असतं. साठ किलोच्या पोराची एका तासाची सोय एका जाड भाकरीत झाली!

पाचोडच्या बाजारात मोसंबीचे ढीग लागतात आणि पोरं दुकानातून ग्लुकोजचा डबा घेतात. मोसंबीत ग्लुकोजबरोबर फ्रुक्टोजही आहे. दोन्ही आतड्यातून वेगवेगळ्या वाटांनी शिरतात, म्हणून लांब पल्ल्यात जोडीनं जास्त साखर पोचते, हे 2004 च्या सुमारास प्रयोगांत दिसलं. सोळाशेला याचा उपयोग नाही. अर्ध मॅरेथॉनला आहे. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेनं 2020 साली दिल्लीत ती 1 तास 30 सेकंदांत पुरी केली. 2022 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत 3000 मीटर स्टीपलचेसमध्ये त्यानं 8 मिनिटं 11.20 सेकंदांत रौप्य घेतलं. साठ मिनिटांचं आणि आठ मिनिटांचं गणित एकाच माणसाच्या पायात किती निराळं असतं ते इथं दिसतं.

मुलींचा हिशेब आणखी वेगळा. डॉ. अशोक दयालचंद यांच्या पाचोडच्या आरोग्य व्यवस्थापन संस्थेनं किशोरवयीन मुलींचा रक्तक्षय आणि लवकर होणारी लग्नं यांवर वर्षानुवर्षं काम केलं. रक्तात हिमोग्लोबिन कमी असेल तर स्नायूला प्राणवायू कमी पोचतो, तो लवकर ग्लायकोजेनवर येतो आणि लॅक्टेट वेगानं साचतं. आठशे मीटरच्या दुसऱ्या फेरीत दम तुटणारी मुलगी सरावात कमी पडते असं नाही. तिला भाकरीबरोबर लोहाच्या गोळ्याही लागतात, आणि घरात सर्वांत शेवटी जेवायला बसते ती बहुतेकदा तीच.