मोरोक्को : नवी ओळख, जुनी ओळख

"या सुट्टीत मोरोक्को," असं म्हटल्यावर बेलव्ह्यूच्या मित्रमंडळींचा पहिला प्रश्न ठरलेला होता : "तिथे वाळवंटाशिवाय आहे काय?" पण कॅसाब्लांकाहून आगगाडीने फेसला जाताना आम्हाला दिसली ती गव्हाची शेतं आणि ऑलिव्हच्या बागा!

फेसच्या जुन्या शहरात, म्हणजे 'मदिने'त, गल्ल्या इतक्या अरुंद की मोटार शिरूच शकत नाही. गॅसच्या टाक्यांपासून कातड्यांपर्यंत सगळा माल गाढवं, खेचरं आणि हातगाड्यांवरून जातो. मागून आरोळी येते, "बालक! बालक!" आम्हाला वाटलं, आमच्या बारा वर्षांच्या चिरंजीवांनाच कोणी हाक मारतंय. अर्थ निघाला, 'सांभाळा, बाजूला व्हा!'

कान उघडे ठेवले की ओळखीचे शब्द भेटतात : किताब, तारीख, साबणाला 'साबून', साखरेला 'सुक्कर'. हा शेवटचा तर मूळ आपल्या 'शर्करे'चाच, फिरत फिरत तिथवर पोचलेला. पुदिन्याच्या चहात ती इतकी असते की आपला अमृततुल्यही फिका वाटावा. शाकाहारी मंडळींना एक सूचना : कुसकुसवर नुसत्या भाज्या दिसल्या तरी रस्सा बहुधा मटणाचा असतो. आधीच "ब्ला ल्हम", म्हणजे 'मांस नको', असं सांगावं.

दुकानदार आमचे चेहरे पाहून "हिंद? शाहरुख खान!" म्हणत आत बोलवायचे. एकाने चिरंजीवांना विचारलं, "कुठला तू?" "अमेरिका." "ते झालं. पण मूळचा कुठला?" हा प्रश्न शाळेत ऐकून ऐकून कंटाळलेला आमचा मुलगा गप्पच झाला.

रात्री त्याला इब्न बतूताची गोष्ट सांगितली. टॅन्जिअरला 1304 साली जन्मलेला हा प्रवासी 1342 च्या सुमारास दौलताबाद, नंदुरबारकडून गेला. मराठे लोक भात, भाज्या आणि तिळाचं तेल खातात, प्राण्यांना इजा करणं त्यांना आवडत नाही, हे त्याने नोंदवलं. दौलताबादची द्राक्षं-डाळिंबंही त्याच्या लक्षात राहिली. मोरोक्कोत परतल्यावर सुलतानाच्या आज्ञेवरून हे सगळं 1355 च्या सुमारास लिहून पूर्ण झालं, तेही याच फेसमध्ये!

"म्हणजे या गावाला आपण आधीपासून माहीत आहोत?" चिरंजीवांनी विचारलं. दुसऱ्या दिवशी चहावाल्याने तोच प्रश्न केला, तेव्हा उत्तर आलं, "महाराष्ट्र. आणि बेलव्ह्यू." चहावाल्याला दोन्ही नावं नवीनच. त्याने दोनदा म्हणून पाहिली आणि पेला भरला.

पुढच्या भारतवारीत दौलताबाद पक्कं झालंय. तिथली डाळिंबं आमचे चिरंजीव जातीने तपासणार आहेत.