गिटारची खडखड : माग कसा काढावा?

इलेक्ट्रिक गिटार वाजवणाऱ्या जवळपास प्रत्येकाला कधी ना कधी एका त्रासाला तोंड द्यावे लागते. तारा नव्या असतात, सूर नीट जुळवलेले असतात, बोटही नेमक्या जागी पडलेले असते. पण एखादा ठरावीक सूर छेडला की पत्र्याच्या डब्यात खडा हलावा तशी खडखड त्याच्यामागून ऐकू येते. पुढचा सूर छेडताच ती नाहीशी होते. नवशिक्या वादकाला वाटते, आपल्याच बोटांत जोर नाही. थोडा मुरलेला वादक वाद्यावर संशय घेतो आणि मग दिसेल तो स्क्रू आवळणे, पिकअप बदलणे, फ्रेटवर कानस चालवणे असे उद्योग सुरू होतात. त्यांतले काही निरुपयोगी ठरतात, तर काहींनी होणारे नुकसान पुन्हा भरून निघत नाही. वास्तविक ही खडखड बहुतेक वेळा एखाद्या सैल नटातून वा स्प्रिंगमधून येत असते आणि ती दूर करण्याचा खर्च जवळजवळ शून्य असतो. अवघड असते ते तिचा उगम शोधणे.

दोन आवाज, दोन कारणे

गिटारमधून येणाऱ्या नकोशा आवाजांचे ढोबळमानाने दोन प्रकार पडतात. पहिल्या प्रकारात कंप पावणारी तारच कशाला तरी लागते. बहुधा मानेवर आडव्या बसवलेल्या धातूच्या पट्टीला, म्हणजे फ्रेटला. या आवाजाला घरघर म्हणता येईल. दुसऱ्या प्रकारात तार मोकळी असते, परंतु तिचे कंपन लाकडातून पसरते आणि वाद्यावरचा एखादा सैल भाग त्या कंपनाने थरथरू लागतो. खरी खडखड ती हीच.

ही खडखड ठरावीक सुरालाच का उठते, याचे उत्तर अनुनादात आहे. प्रत्येक सुट्या वस्तूची कंप पावण्याची स्वतःची अशी एक गती असते. गिटारची सर्वांत जाड, म्हणजे सहावी तार मोकळी छेडली की सेकंदाला सुमारे ८२ वेळा कंप पावते. पाचवी तार ११० वेळा. सैल वॉशरची स्वाभाविक गती यांपैकी एखाद्या आकड्याशी किंवा त्याच्या पटीशी जुळली की तो वॉशर त्या सुराला साथ देऊ लागतो. इतर सुरांना तो गप्प राहतो.

यातूनच शोधाची सर्वांत उपयुक्त चाचणी मिळते. गिटारवर एकच सूर एकाहून अधिक ठिकाणी वाजवता येतो. पाचवी तार मोकळी छेडल्यावर जो सूर मिळतो, तोच सहावी तार पाचव्या फ्रेटवर दाबल्यावर मिळतो. दोन्ही ठिकाणी खडखड झाली, तर दोष सुराशी बांधलेला आहे, म्हणजे कुठला तरी भाग सैल आहे. एकाच ठिकाणी झाली, तर दोष त्या जागेशी बांधलेला आहे, म्हणजे ती तार, तिचा आधार किंवा तिथला फ्रेट तपासायला हवा. ही चाचणी अर्ध्या मिनिटाची आहे, पण ती न केल्यामुळे अनेकांचे दिवस चुकीच्या जागी शोध घेण्यात जातात.

आधी खोली, मग अ‍ॅम्प्लिफायर

गिटारला हात लावण्यापूर्वी खोली तपासावी. ध्वनिवर्धकातून आलेल्या खर्जातल्या सुराने खिडकीची काच, फडताळातली स्टीलची भांडी, भिंतीवरची तसबीर किंवा शेजारी ठेवलेल्या स्नेअर ड्रमच्या तारा सहज थरथरतात. वाद्य दुसऱ्या खोलीत नेऊन तोच सूर छेडला की हा संशय फिटतो. त्यानंतर त्याच अ‍ॅम्प्लिफायरमधून एखादे ध्वनिमुद्रित गाणे वाजवून पाहावे. खडखड तेव्हाही ऐकू आली, तर गिटार निर्दोष आहे. स्पीकरचे स्क्रू सैल असतील किंवा त्याचा कागदी पडदा फाटला असेल.

पुढची पायरी म्हणजे गिटार अ‍ॅम्प्लिफायरला न जोडता वाजवणे. इलेक्ट्रिक गिटारचा पिकअप हा मायक्रोफोन नव्हे. चुंबकाभोवती तांब्याच्या अतिशय बारीक तारेचे वेटोळे असते. वरची पोलादी तार हलली की चुंबकीय क्षेत्र बदलते आणि वेटोळ्यात विद्युतप्रवाह निर्माण होतो. पिकअपला हवेतला आवाज नव्हे, तर तारेची हालचाल कळते. त्यामुळे डोक्याकडच्या एखाद्या सैल स्क्रूची खडखड खोलीत स्पष्ट ऐकू आली, तरी अ‍ॅम्प्लिफायरमधून सहसा येत नाही. याउलट जोडलेल्या स्थितीतही दोष ऐकू येत असेल, किंवा तो सूर इतरांपेक्षा लवकर विझत असेल, तर दोष तारेच्याच मार्गात, म्हणजे फ्रेटवर वा ब्रिजवर आहे असे समजावे. बटण फिरवताना येणारी करकर मात्र या कथेतली नाही. ती धूळ बसलेल्या व्हॉल्यूम नियंत्रकाची किंवा सुटलेल्या डाखाची असते.

बोटाने दाबून पाहावे

सैल भाग शोधण्याची रीत अगदी साधी आहे. एकाने दोषी सूर पुन:पुन्हा छेडत राहावे आणि दुसऱ्याने वाद्याचा एकेक भाग बोटाने दाबत जावे. ज्या भागावर बोट ठेवताच खडखड थांबेल, तो भाग दोषी. हा शोध वाद्याच्या डोक्यापासून क्रमाने खाली करावा, म्हणजे काही सुटत नाही.

सुरुवात खुंट्यांपासून करावी. प्रत्येक खुंटीच्या दांड्याभोवती समोरच्या बाजूने एक षटकोनी नट असतो. तो कालांतराने हमखास सैल होतो. खुंटीच्या बटणावरचा छोटा स्क्रू, मागचे बारीक स्क्रू आणि पातळ तारांना खाली दाबणारी धातूची पकड यांचीही तपासणी करावी. कापून उरलेले तारेचे टोक शेजारच्या खुंटीला टेकत असेल, तर तेही वाजते. त्यानंतर येते मानेच्या टोकाशी असलेली, तारांसाठी खाचा पाडलेली पट्टी. गिटारवादक तिलाही 'नट'च म्हणतात. गोंधळ टाळण्यासाठी तिला येथे खाचपट्टी म्हणू या. तिच्यातली खाच फार रुंद वा सपाट झाली असेल, तर फक्त मोकळी तार झणझणते आणि कुठल्याही फ्रेटवर बोट ठेवताच आवाज स्वच्छ होतो.

धडावर पिकअप उचलून धरणाऱ्या स्प्रिंगा, प्लॅस्टिकच्या पत्र्याचे स्क्रू, पट्टा अडकवण्याच्या गुंड्या, नियंत्रकांची बटणे आणि वायर खोचण्याचा जॅक ही नेहमीची ठिकाणे. जॅकचा नट बाहेरून आवळताना आतला भागही त्याच्याबरोबर फिरतो आणि डाख दिलेल्या वायरी तुटतात; म्हणून झाकण उघडून आतला भाग हाताने धरूनच नट आवळावा. १९५४ साली बाजारात आलेल्या फेंडर स्ट्रॅटोकास्टरसारख्या गिटारमध्ये मागच्या पोकळीत तारांचा ताण तोलणाऱ्या लांब स्प्रिंगा असतात. तारा हाताने थांबवल्यावरही मागून घुमारा येत राहिला, तर तो या स्प्रिंगांचा समजावा. स्प्रिंगांखाली फोमचा एक लहानसा तुकडा सरकवला की काम भागते. सूर डोलवण्याचा दांडा त्याच्या भोकात खडखडत असेल, तर आट्यांवर नळजोडणीची टेफ्लॉन टेप दोन वेढे गुंडाळणे पुरते.

ब्रिजची जुनी दुखणी

काही खडखडी मात्र निष्काळजीपणातून नव्हे, तर रचनेतूनच आलेल्या असतात. गिब्सन कंपनीच्या गिटारवर १९५४ पासून दिसू लागलेला 'ट्यून-ओ-मॅटिक' ब्रिज हे त्याचे एक उदाहरण. यात प्रत्येक तारेसाठी पुढे-मागे सरकणारा स्वतंत्र आधार असतो. तार तुटली की हे सुटे आधार खाली पडत, म्हणून १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांच्यावरून एक बारीक तार बसवण्यात आली. आधार पडणे थांबले, पण ती तारच नीट न बसल्यास झणझणू लागली. ती काढून किंचित वाकवून पुन्हा घट्ट बसवणे, हा त्यावरचा साधा इलाज.

फेंडरची १९५८ सालची जॅझमास्टर आणि १९६२ सालची जॅग्वार यांची गोष्ट अधिक बोधप्रद आहे. या गिटारमध्ये तारा ब्रिजवरून जवळजवळ सपाट मागे जातात. त्यामुळे त्यांचा ब्रिजवर पडणारा दाब कमी असतो. ब्रिजचे आधार बारीक स्क्रूंवर उभे असतात. दाब कमी असला की हे स्क्रू वाजता वाजता हळूहळू फिरतात आणि आधार खाली बसतो. ही रचना झाली त्या काळी जाड तारा प्रचलित होत्या व त्यांच्या ताणामुळे दोष झाकला जाई. पुढे वादक पातळ तारांकडे वळले आणि तो उघडा पडला. म्हणूनच या गिटारवर स्क्रू नुसते आवळून भागत नाही. किंचित जाड तारा लावणे, मानेच्या खोबणीत पातळ पाचर घालून ब्रिज उंच करता येईल अशी सोय करणे आणि स्क्रूंवर ते फिरू न देणारे सौम्य द्रावण लावणे, असे मूळ कारणावरचे उपाय करावे लागतात.

तार फ्रेटला लागत असेल तर

दोष एकाच जागेचा निघाला, तर मोजमाप करणे आले. सहावी तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर एकाच वेळी दाबून धरावी आणि आठव्या फ्रेटपाशी तार व फ्रेट यांतली फट पाहावी. ती साधारण पाव मिलिमीटर असावी. तारांचा एकूण ताण सुमारे ४५ किलो असतो; त्याने मान किंचित पुढे वाकते आणि कंप पावणाऱ्या तारेला जागा मिळते. फट मुळीच नसेल, तर पहिल्या चार-पाच फ्रेटवर घरघर येते. हा बाक नियंत्रित करण्यासाठी मानेत पोलादी सळई असते. गिब्सनचे थॅडियस मॅकह्यू यांना तिचे पेटंट १९२३ मध्ये मिळाले. सळईचा नट उलट फिरवला की बाक वाढतो, सुलट फिरवला की मान सरळ होते. एका वेळी पाव फेऱ्याहून अधिक फिरवू नये आणि प्रत्येक वेळी सूर पुन्हा जुळवून पाहावे. ही सळई अगदीच सैल असेल, तर ती मानेच्या आत स्वतःच खडखडते. मानेच्या पाठीवर मुठीने हलकेच ठोकले की ते कळते. मुंबई-कोकणातल्या दमट पावसाळ्यात लाकूड ओलावा धरते व मानेचा बाक बदलतो. त्यामुळे उन्हाळ्यात निर्दोष असलेली गिटार जुलैत घरघरू लागली, तर नवल नाही.

वरच्या फ्रेटवर घरघर असेल, तर ब्रिजवरचे आधार थोडे उंच करावेत. सतराव्या फ्रेटपाशी तारेची उंची सुमारे दीड मिलिमीटर असणे सर्वसाधारणपणे पुरेसे असते. एकाच फ्रेटवर दोष असेल, तर त्याच्या पुढचा फ्रेट उचललेला असण्याची शक्यता मोठी. त्याला घासणे हे कुशल कारागिराचे काम आहे.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. तारेने पृष्ठभागाला घासणे, हा गिटारमध्ये दोष असला, तरी तानपुऱ्यात तीच कला आहे. तानपुऱ्याच्या रुंद, किंचित गोलाई दिलेल्या घोडीवर तार घासत राहते आणि तिच्याखाली सरकवलेल्या सुताने जवारी खुलते. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये याच गुणधर्मावर लेख लिहिला होता आणि मिरजेच्या कारागिरांनी तर जवारी काढण्याचे कसब पिढ्यान्‌पिढ्या जपले आहे. गिटारची खाच सपाट झाली की आवाज सतारीसारखा का लागतो, याचे उत्तरही हेच.

घाई कुठे नडते

खडखडीच्या शोधात सर्वांत महागात पडते ती घाई. एका वेळी एकच बदल करावा आणि तो करण्यापूर्वीची स्थिती टिपून ठेवावी. चार गोष्टी एकदम केल्या आणि आवाज थांबला, तर कोणत्या उपायाने थांबला हे कळत नाही. वाढला, तर परतीची वाट सापडत नाही. जे पुन्हा पूर्ववत करता येते, ते आधी. जे येत नाही, ते सर्वांत शेवटी, असा क्रम ठेवावा. आवळलेला स्क्रू सैल करता येतो. घासलेला फ्रेट परत वाढत नाही, खोल गेलेली खाच भरून येत नाही आणि जोर लावून तुटलेली सळई दुरुस्त करायला गिटारच्या किमतीएवढा खर्च येऊ शकतो. लाकडात बसणारे स्क्रू तर बेताचेच आवळावेत. जास्त पिळल्यास लाकडातली पकड जाते आणि नवी खडखड सुरू होते.

शेवटी, प्रत्येक आवाज घालवायलाच हवा असेही नाही. तारा बोटांना हलक्या लागाव्यात म्हणून खाली ठेवल्या, की न जोडलेल्या गिटारवर थोडी घरघर ऐकू येतेच. ती अ‍ॅम्प्लिफायरमधून येत नसेल आणि सूर पूर्ण लांबीने टिकत असेल, तर तिच्यासाठी वाद्याची मोडतोड करण्यात अर्थ नाही. उरलेल्या खडखडींसाठी योग्य मापाचा पाना, चांगला स्क्रूड्रायव्हर आणि शांतपणे ऐकणारा कान एवढे साहित्य बहुतेक वेळा पुरेसे ठरते.