ढोंग, दंभ आणि दैव

हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्षांत कोण घेतो?’ ही कादंबरी १८९० सालीं निघालेल्या ‘करमणूक’ पत्रांतून क्रमशः प्रसिद्ध झाली. तिच्याविषयीं बोलणें निघालें कीं सुशिक्षित मंडळींच्या तोंडीं तीन शब्द हटकून येतात : ढोंग, उपरोध आणि दैवदुर्विलास. तिन्ही शब्द चांगले. परंतु या कादंबरीस त्यांतील एकहि नीटसा बसत नाहीं, असें आम्हांस वाटतें. हा केवळ शब्दांचा कीस नव्हे. शब्द चुकला म्हणजे दोष भलत्याच्या माथीं जातो, किंवा कोणाच्याच माथीं जात नाहीं.

प्रथम ‘ढोंग’ घ्या. ढोंग करणारास आपण ढोंग करीत आहों हें पक्कें ठाऊक असतें. भस्म पुसलें कीं ढोंगी बैरागी मोकळा! कादंबरींतील शंकरमामंजींची गोष्ट निराळी आहे. धर्माच्या नांवानें घरांत सत्ता गाजवितां गाजवितां, धर्माची आज्ञा कोणती आणि आपली इच्छा कोणती, हा भेदच अशा माणसास उरत नाहीं. यास जुना व भारदस्त शब्द ‘दंभ’ हा होय. गीतेच्या १६ व्या अध्यायांत आसुरी संपत्तीची गणना दंभापासूनच सुरू होते, तें उगीच नव्हे. ढोंग उघडें पडलें तर ढोंगी लाजतो. दंभ उघडा पडला तर दांभिक उलट रागावतो.

आतां ‘उपरोध’. उपरोधास टोमणा लागतो. आपली कहाणी सांगणारी यमू टोमणे मारीत बसत नाहीं. जें पाहिलें व सोसलें तें ती सरळपणें सांगते. वडीलधाऱ्यांचा उल्लेखहि आदरानेंच करते. तो आदर आणि त्या वडीलधाऱ्यांचें वर्तन यांतील अंतर वाचकानें स्वतःच मोजावयाचें असतें. आमच्या साहित्यशास्त्रांत यास ‘ध्वनि’ म्हणतात. आनंदवर्धनानें ‘ध्वन्यालोकां’त एका स्त्रीचें उदाहरण दिलें आहे. इकडे खुशाल फिरा, त्रास देणारा कुत्रा सिंहानें मारला, असें ती एका धार्मिकास सांगते. शब्दांनीं परवानगी, पण अर्थानें मनाई! यमूच्या साध्या वाक्यांचें सामर्थ्य याच जातीचें आहे.

तिसरा शब्द ‘दैवदुर्विलास’. हा आम्हांस सर्वांत घातक वाटतो. यमूचे पति रघुनाथराव मरण पावतात, येथपर्यंत दैवाकडे बोट दाखवावें. त्यास कोणाची हरकत नाहीं. परंतु त्यानंतर तिचें बळजबरीनें केशवपन होतें, तेथें दैवाचा काय संबंध? तेथें आज्ञा देणारें तोंड माणसाचें होतें, आणि वस्तरा धरणारा हातहि माणसाचाच होता. त्यास दैवदुर्विलास म्हणणें म्हणजे शंकरमामंजींचीच साक्ष खरी मानणें होय. कारण आपली करणी दैवाच्या किंवा शास्त्राच्या पदरांत टाकणें हीच तर दांभिकाची मुख्य युक्ति!

मग अशा घरांतील इतर माणसांस काय म्हणावें? तीं ढोंगी नसतात, दांभिकहि नसतात. मनांतून त्यांस वाईट वाटतें, डोळ्यांस पाणीहि येतें; पण वडिलांपुढें शब्द काढवत नाहीं. यासाठीं मराठींत एक फार सौम्य, अगदीं घरगुती शब्द आहे : ‘भीड’. ती एरव्हीं गुण म्हणून शोभते. परंतु दंभ एकटा घर चालवूं शकत नाहीं. दहा माणसांच्या भिडेवर तो उभा असतो.

‘पण लक्षांत कोण घेतो?’ हा प्रश्न शंकरमामंजींस उद्देशून नाहीं. त्यांनीं लक्षांत घ्यावें अशी आशाच व्यर्थ. तो प्रश्न या भिडस्त माणसांस आहे. म्हणजेच बहुधा आपणां वाचकांस आहे.