कोकेनचं व्यसन सोडवणारी गोळी अजून का नाही?

अमरावती-अकोल्यात ‘व्यसन’ म्हटलं की आठवतात दारू आणि खर्रा. कोकेन हा मुंबई-गोव्याच्या बातम्यांतला विषय. आकडेही तेच सांगतात. केंद्र सरकारच्या २०१९च्या सर्वेक्षणानुसार १० ते ७५ वयोगटातले १४.६ टक्के भारतीय दारू घेतात, तर कोकेन घेणारे फक्त ०.१ टक्का आहेत.

तरीही कोकेनची गोष्ट वऱ्हाडातल्या घरांच्या कामाची आहे. कारण ‘कोणतंही व्यसन हमखास सोडवा, तेही रुग्णाच्या नकळत’ अशा जाहिराती सगळ्यांच्याच मोबाइलवर येतात.

अडचण कुठे आहे?

आनंदाची जाणीव देणारं डोपामाइन काम झालं की मेंदूतल्या पेशी परत ओढून घेतात. कोकेन ही परतीची वाट अडवतं. डोपामाइन साचतं आणि नशा चढते. पण हीच वाट भूक, उत्साह, शिकणं यांनाही लागते. त्यामुळे कोकेनला रोखायचं आणि बाकी कामं चालू ठेवायची, हे औषधाला अजून नीट जमलेलं नाही.

काय करून पाहिलं?

दारू सोडवण्यासाठी वापरलं जाणारं डायसल्फिराम कोकेनवर तपासलं गेलं, पण निकाल संमिश्र आले. कोकेन रक्तातच अडवणारी लसही बनली. २००९मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत पुरेशा अँटिबॉडी फक्त ३८ टक्के लोकांत तयार झाल्या. आजही अमेरिकेच्या औषध नियामकाने कोकेनच्या व्यसनासाठी एकाही औषधाला मान्यता दिलेली नाही. सध्या सर्वात चांगला परिणाम दिसतो तो समुपदेशनाचा आणि तपासणीत नशा न आढळल्यास छोटं बक्षीस देण्याच्या पद्धतीचा.

मग दारू आणि खर्ऱ्याचं काय?

इथे औषधं आहेत. दारूची ओढ कमी करायला नाल्ट्रेक्झोन आणि अकॅम्प्रोसेट, तर तंबाखूसाठी निकोटिन गम आणि व्हॅरेनिक्लिन. मात्र प्रत्येक व्यसनाचं औषध वेगळं असतं. सगळ्यांवर चालणारी एकच पुडी नसते.

चोरून औषध देणं तर जिवावर बेतू शकतं. डायसल्फिराम पोटात असताना दारू घेतली तर उलट्या होतात, धडधड वाढते, रक्तदाब कोसळतो. जेवणात कालवलेल्या पुडीत नेमकं काय आहे, हे घरच्यांना कळायला मार्ग नसतो. रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकदम बंद केली तरी झटके येऊ शकतात. म्हणून सोडतानाही डॉक्टर लागतोच.

अमरावतीचं इर्विन किंवा अकोल्याचं सर्वोपचार रुग्णालय गाठून मानसोपचारतज्ज्ञांना विचारता येतं. व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ आणि टेलि-मानस १४४१६ या क्रमांकांवर फोन मोफत आहे. जाहिरातीतली पुडी मागवण्याआधी हा एक फोन नक्की करा.