पोटरी सुजली तर चोळू नका

दहिवलीतून केमोथेरपीसाठी परळच्या टाटा हॉस्पिटलला जायचं म्हणजे उल्हास नदीचा पूल ओलांडून कर्जत स्टेशन गाठायचं आणि तास न् तास लोकलमध्ये बसायचं. घरी आल्यावर पाय ठणकू लागला, की "प्रवासानं भरून आला असेल" म्हणत कुणीतरी तेलाची वाटी घेऊन चोळायला बसतं. सूज एकाच पायाला असेल, पोटरी गरम लागत असेल, तर कृपा करून चोळू नका. आतल्या खोल शिरेत रक्ताची गुठळी झालेली असू शकते. तिचा तुकडा सुटून फुप्फुसात अडकला तर जिवावर बेततं.

फार वेळ बसून राहिल्यानं धोका वाढतो, हे खरंच. पण मुळाशी बहुतेकदा कॅन्सरच असतो.

रक्त गोठण्याची सुरुवात करणारं 'टिश्यू फॅक्टर' हे प्रथिन एरवी रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरावर नसतं, बाहेरच्या पेशींवर असतं. विळीवर बोट कापलं की रक्ताची त्याच्याशी गाठ पडते, थ्रॉम्बिन तयार होतं आणि फायब्रिनच्या धाग्यांचं जाळं जखम बुजवतं. अनेक कॅन्सरपेशींच्या अंगावर हेच प्रथिन भरपूर असतं. शिवाय त्या ते लावलेले सूक्ष्म कण रक्तात सोडत राहतात. जखम कुठेच नाही, तरी रक्त गोठू लागतं! स्वादुपिंड आणि जठराच्या कॅन्सरमध्ये हा धोका फार मोठा. मेंदूच्या काही गाठी तर पोडोप्लॅनिन नावाच्या प्रथिनानं थेट प्लेटलेट्सनाच चिकटवून घेतात.

यात कॅन्सरचा फायदाही आहे, आणि मला हाच भाग सर्वांत भयंकर वाटतो. रक्तात उतरलेल्या कॅन्सरपेशीभोवती प्लेटलेट्स गोळा होतात. हे इरलं पांघरलं की तिला मारायला आलेल्या प्रतिकारपेशींना ती सहज सापडत नाही.

पॅरिसच्या आर्मां त्रुसो यांनी 1865 मध्ये या गुठळ्यांचं कॅन्सरशी असलेलं नातं मांडलं. पुढे स्वतःला गुठळी झाल्यावर त्यांनी आपलं निदान ओळखलं. 1867 मध्ये जठराच्या कॅन्सरनंच ते गेले.

आज कलर डॉप्लर सोनोग्राफीत गुठळी दिसते आणि रक्त पातळ करणारी औषधं आहेत. अचानक धाप लागली, छातीत कळ आली, तर मात्र सकाळची वाट न बघता हॉस्पिटल गाठा. जठराच्या कॅन्सरमध्ये गोळ्यांनी गाठीतूनच रक्तस्राव होण्याची भीती असते. तिथे डॉक्टर पुष्कळदा हेपॅरिनच्या जातीचं, पोटाच्या त्वचेखाली टोचायचं इंजेक्शन देतात. ते घरच्या माणसालाही शिकता येतं.