भाच्याचा कॅमेरा आणि आक्काचे ऊस बिल



या पानावर मी आजवर बेणे, लागण, खोडवा आणि पाचट यांवरच लिहीत आलो. या अंकात थोडी वाट वाकडी करतो. विषय आहे रानावनात, कड्याकपारीत आणि शर्यतीच्या मैदानात फोटो काढून पोट भरणाऱ्या मुलांचा. शेतकी खात्याच्या माणसाला हा उद्योग कशाला, असे कोणी म्हणेल. पण या गोष्टीचा उगम ऊस बिलातच आहे.

माझी आक्का आपल्या कारखान्याची सभासद. पदरी दीड एकर ऊस. तिचा धाकटा मुलगा ठाण्याजवळ दिव्याला राहतो. आधी एका कंपनीत बारा तासांची नोकरी करायचा. ती सोडली आणि खांद्यावर कॅमेरा अडकवला. नोकरी नाही, मालक नाही. कोणी बोलावेल तिथे जायचे आणि फोटोचे पैसे घ्यायचे. गेल्या वर्षी त्याने आक्काकडे ९०,००० रुपये मागितले, तेही जुनी लेन्स घ्यायला! आक्का मला म्हणाली, "तू शिकलेला हायस. एकदा जाऊन बघ. पोरगं हाताबाहेर गेलं असंल तर घेऊन ये."

मी निघालो तो त्याला परत आणायच्याच विचाराने.

दिव्याची खोली

कोयना एक्स्प्रेसने संध्याकाळी कल्याणला उतरलो आणि लोकलने दिवा गाठले. दिवा म्हणजे मोठे जंक्शन. एक फाटा वसईला, दुसरा पनवेलला. सावंतवाडीची गाडी इथूनच सुटते. मुंबईकडून आलेली लोकल थांबली आणि फलाटावर जी माणसे ओतली गेली, ती पाहून छातीत धस्स झाले. याच दिवा-मुंब्रा टापूत ९ जून २०२५ रोजी वळणावर लोकलच्या दारातून माणसे पडून जीव गेले. भाचा रोज त्याच गर्दीतून छातीशी बॅग कवटाळून जातो. म्हणाला, "मामा, कड्यावर भीती वाटत नाही तेवढी लोकलमधी वाटते."

खोली दहा बाय बाराची. भाड्याने इथेच परवडते, आणि कसाऱ्याची किंवा कर्जतची गाडी धरली की सह्याद्री दोन तासांवर. कोपऱ्यात घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा होता. मला वाटले, आक्काने पाठवलेल्या चकल्या असतील. उघडला तर आत लेन्स आणि ओल शोषून घेणाऱ्या पुड्या! पावसाळ्यात लेन्सच्या काचेवर बुरशी धरते. आपल्या पिकावर तांबेरा येतो, तसाच प्रकार. एकदा आत शिरली की काच कायमची खराब. म्हणून हा बंदोबस्त.

दोरावरची मजुरी

दुसऱ्या दिवशी पहाटे तो मला मुंब्र्याच्या डोंगराकडे घेऊन गेला. १९१६ सालापासून रेल्वेची वाहतूक चालू असलेला पारसिकचा बोगदा याच डोंगररांगेतून जातो. इथल्या खडकांवर गिर्यारोहक सराव करतात. मी खाली दगडावर बसून पाहत होतो. चढणाऱ्या मुलाचा दोर वेगळा, भाच्याचा वेगळा. कमरेला पट्टा, डोक्यावर शिरस्त्राण. दोन्ही हात कॅमेऱ्याला, म्हणजे लटकायचे ते केवळ दोराच्या भरवशावर. कॅमेराही पट्ट्याने अंगाला बांधलेला. कारण तो निसटला तर नुकसान राहिले बाजूला, खालच्या माणसाचे डोके फुटायचे.

तेव्हा मला उमगले, चढणाऱ्याला एकच काम असते. फोटोवाल्याला दोन. त्याच्याइतके चढायचे आणि वर तिथे आपले कामही करायचे.

शर्यतीचे शास्त्र निराळे. बैल ताशी ४० किलोमीटर पळतो असे धरा. एका सेकंदात तो ११ मीटर जातो. कॅमेऱ्याचा पडदा सेकंदाचा साठावा भाग उघडा राहिला, तर तेवढ्यात बैल १८ सेंटिमीटर पुढे गेलेला असतो. फोटो पुसटच यायचा. हजारावा भाग ठेवला तर तो सेंटिमीटरभरच सरकतो आणि खुराखाली उडालेले ढेकूळसुद्धा स्वच्छ दिसते. पण इतक्या थोड्या वेळात पुरेसा उजेड आत यायचा तर लेन्सचे तोंड मोठे हवे, आणि मोठ्या तोंडाची लेन्स महाग. ९०,००० रुपयांचा अर्थ मला तिथे कळला. ती चैन नव्हती, अवजार होते. कोयता बोथट असेल तर तोडणीची टोळी काय करणार?

हे काम जगात चालते का?

चालते. अमेरिकेतील गॅलन रोवेल हे मोटारी दुरुस्त करायचे छोटे गॅरेज चालवीत. डोंगर चढण्याचे वेड होते. १९७२ मध्ये गॅरेज विकून ते पूर्णवेळ फोटोच्या धंद्यात पडले आणि १९७४ मध्ये त्यांनी केलेली कड्याच्या चढाईची सचित्र हकिगत नॅशनल जिऑग्राफिक या जगप्रसिद्ध मासिकात आली.

दुसरे उदाहरण तर आपल्या मातीच्या अगदी जवळचे. इंडोनेशियात सुमात्रा बेटावर भातकापणीनंतर चिखलाच्या खाचरात बैलांच्या शर्यती होतात. हाकणारा दोन बैलांच्या शेपट्या धरून चिखलावरून घसरत जातो. मलेशियाचे वेई सेंग चेन यांनी टिपलेल्या अशा एका शर्यतीच्या फोटोला २०१३ च्या वर्ल्ड प्रेस फोटो स्पर्धेत क्रीडा विभागात पहिले बक्षीस मिळाले. चिखल, बैल आणि माणूस, एवढेच त्यात आहे. ते तर आपल्या गावोगाव आहे.

आपल्याकडच्या बैलगाडा शर्यती २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बंद पडल्या. डिसेंबर २०२१ मध्ये अटींसह परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने त्यावर शिक्कामोर्तब केले. दहीहंडीचेही तसेच. १० ऑगस्ट २०१२ रोजी ठाण्यात जय जवान पथकाने नऊ थर लावले आणि ४३.७९ फुटांच्या त्या मनोऱ्याची गिनेस बुकात नोंद झाली. असे खेळ जिथे भरतात, तिथे फोटोवाला लागतोच.

भाच्याने आपले वर्षही तसेच बसवले आहे. पावसाळ्यात ट्रेक आणि दहीहंडी, थंडीत मॅरेथॉन, त्यानंतर यात्रा आणि शर्यती. मधल्या दिवसांत लग्ने आणि बारशी. मी म्हटले, "लग्नंच करायची तर डोंगर कशाला?" तो हसला. "मामा, तुम्हीच सांगता ना, उसात आंतरपीक घ्या म्हणून? लग्न हे आंतरपीक. खर्च त्यावर भागतो. ऊस तो डोंगर."

यावर मी काय बोलणार!

गाडे अडते कुठे?

रात्री त्याने वही काढली. कामे भरपूर, जमा थोडी. एका ट्रेक नेणाऱ्या मंडळींनी दोन दिवस राबवून घेतले, "पंधरा दिवसांत देतो" म्हणाले, त्याला आठ महिने झाले. त्याच फोटोचा मोठा फ्लेक्स लागला. त्यावर पुढाऱ्यांची नावे होती, याचे नव्हते. कागद विचारला तर एकही नाही. सगळा व्यवहार तोंडी!

मला राग आला तो त्या मंडळींपेक्षा भाच्याचा. शेतकऱ्याच्या पोटी जन्मून स्लिपेशिवाय माल दिला? आपण ऊस घालतो तेव्हा काट्याची पावती असते. ऊस (नियंत्रण) आदेश १९६६ प्रमाणे ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत बिल द्यावे लागते आणि उशीर झाला तर सालाना १५ टक्के व्याज. दर हंगामात सगळे त्याबरहुकूम घडते असे नाही, पण भांडायला हातात कागद असतो. या पोराच्या हातात काय होते?

परत आल्यावर मी आपल्या ओळखीच्या वकिलांना विचारले. त्यांनी सांगितले ते ज्यांची मुले असा मोकळा धंदा करतात, त्यांनी जपून ठेवावे.

पहिली गोष्ट, हक्काची. फोटोचा हक्क सहसा काढणाऱ्याचा. पण कोणी पैसे देऊन सांगून काढून घेतला आणि वेगळा करार नसेल, तर कायद्याने हक्क सांगणाऱ्याकडे जातो. म्हणून "हक्क माझ्याकडे राहील, अमुक कामासाठी वापरायची परवानगी देत आहे," असे आधी लिहून घ्यावे. २०१२ च्या दुरुस्तीपासून हा हक्क काढणाऱ्याच्या हयातीत आणि पुढे ६० वर्षे टिकतो. जमीन खंडाने द्यावी, खरेदीखत करून देऊ नये, तसेच हे.

दुसरी, वसुलीची. उद्यम नोंदणी विनामूल्य होते. ती कामाच्या आधी केलेली असेल तर २००६ च्या लघुउद्योग कायद्याप्रमाणे ठरलेली मुदत ४५ दिवसांपुढे नेता येत नाही. मुदत ठरलीच नसेल तर १५ दिवस. पुढे चक्रवाढ व्याज आणि परिषदेकडे दाद.

तिसरी, विम्याची. पुष्कळ अपघात पॉलिसींत गिर्यारोहण वगळलेले असते. अटी वाचून मगच सही करावी.

चौथी गोष्ट वकिलांची नाही, माझी. फोटो हा काट्यासारखा असतो, त्यात खोट नको. २०१६ मध्ये पुण्याच्या एका जोडप्याने एव्हरेस्ट चढल्याचे बनावट फोटो दाखवले. ते उघडे पडले आणि नेपाळने त्यांच्यावर दहा वर्षांची बंदी घातली. काट्याचे नाव एकदा गेले की परत येत नाही.

आक्काचा निर्णय

गावी येऊन मी आक्काला सगळे सांगितले. त्याला आणले नाही, हेही सांगितले. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "द्यायचं. पर फुकट न्हाई. चिठ्ठी लिहून घे."

तशी चिठ्ठी झाली. दुसऱ्या हप्त्यातून ४५,००० रुपये उसने, परतफेड शर्यतींच्या हंगामानंतर. उरलेले त्याने लग्नांच्या कामातून उभे केले. आज आक्काचे निम्मे पैसे परत आले आहेत. त्या थकबाकीतलेही थोडे आले, थोडे यायचे आहे. पोरगे लाखो मिळवते असे मी सांगणार नाही. पण आता कागदाशिवाय बॅग उचलत नाही.

शेवटी एक कबुली. हा लेख लिहिताना मी आपल्या पत्रकाचे जुने अंक चाळले. मोळी पूजनाचे फोटो आहेत, बॉयलर अग्निप्रदीपनाचे आहेत, कुस्ती मैदानाचे आहेत. एकाही फोटोखाली काढणाऱ्याचे नाव नाही. फ्लेक्सवाल्यांवर मी चिडलो, पण आपणही त्याच माळेचे मणी निघालो. तेव्हा पुढच्या अंकापासून प्रत्येक फोटोखाली नाव छापावे, अशी लेखी विनंती मी संपादक मंडळाला केली आहे. सभासदांनीही आपल्या गावच्या यात्रेत, शर्यतीत एखादे पोरगे कॅमेरा घेऊन धुळीत बसलेले दिसले, तर त्याला रिकामटेकडे समजू नये. त्याचाही हंगाम चालू असतो.

पुढील अंकात नेहमीप्रमाणे खोडवा व्यवस्थापन.