लॉनला पाणी किती लागतं? घरगुती प्रश्नातून संशोधनाचा प्रश्न कसा काढायचा

पेट किंवा नेटची तयारी करणाऱ्यांचा एक ठरलेला प्रश्न असतो: संशोधनाचा विषय शोधायचा कुठे? जर्नल्स वाचून विषय सापडतो, पण दारात पाहूनही सापडतो. आज त्यासाठी एक साधी गोष्ट घेऊ, घरापुढचं लॉन. निगडी प्राधिकरणातल्या बंगल्यांपुढे, रावेत-मोशीच्या सोसायट्यांत, चाकणच्या कंपन्यांच्या गेटच्या आत ते सगळीकडे दिसतं. आणि दर उन्हाळ्यात मालकाचा प्रश्नही तोच: "लॉन पिवळं पडलंय, काय करू?"

हा प्रश्न खरा आहे, पण अजून संशोधनाचा नाही. पिवळेपणाला पाणी कमी, नत्र कमी, माती घट्ट, सावली जास्त, मुळाशी हुमणी अशी कितीतरी कारणं असू शकतात. मोजता येईल असा एकच धागा त्यातून वेगळा काढावा लागतो. आपण पाण्याचा धागा घेऊ, कारण आपल्या भागात सगळं तिथेच अडतं. पिंपरी-चिंचवड शहराची मुख्य भिस्त पवना धरणावर आहे. धरणातून नदीत सोडलेलं पाणी रावेतच्या बंधाऱ्यावर उचललं जातं. नोव्हेंबर २०१९ मध्ये शहरात दिवसाआड पाणीपुरवठा सुरू झाला आणि पुढे वर्षानुवर्षं तो तसाच चालला. अशा गावात लॉन किती पाणी पितं, हा प्रश्न फक्त हौसेचा राहत नाही.

१. आधी गवत ओळखा

नर्सरीत लॉन "कार्पेट", "मेक्सिकन", "सिलेक्शन वन" अशा नावांनी विकलं जातं. ही बाजाराची नावं आहेत. संशोधनात ती चालत नाहीत. ढोबळमानाने यातली बरीच गवतं दोन वंशांत बसतात: सायनोडॉन, म्हणजे आपल्या हरळीचा किंवा दुर्वांचा वंश, आणि झॉयशिया.

दोन्ही सी-फोर गवतं आहेत. १९६६ मध्ये हॅच आणि स्लॅक यांनी उसावर काम करून मांडलेला सी-फोर मार्ग तुम्ही अभ्यासक्रमात वाचला असेलच. परीक्षेत आपण चक्र काढून मोकळे होतो, पण त्याचा व्यवहारातला अर्थ काय? ही गवतं कडक उन्हात आणि तापमानात जोमाने वाढतात, तेवढ्याच वाढीसाठी पाणी कमी खर्च करतात, सावलीत मात्र विरळ होतात आणि थंडीत मंदावतात.

आता गंमत बघा. इंटरनेटवरची लॉनची बहुतेक वेळापत्रकं इंग्लंड किंवा उत्तर अमेरिकेच्या थंड भागातली असतात. तिथलं राय, फेस्क्यू किंवा ब्लूग्रास हे सी-थ्री गवत. ते वसंतात आणि शरदात वाढतं, उन्हाळ्यात दमतं. "खत सप्टेंबरमध्ये घाला" हा सल्ला त्या गवतासाठी आणि त्या हवेसाठी बरोबर आहे. तो उचलून मोशीत आणला की गणित चुकतं. एखादा निष्कर्ष वापरण्याआधी तो कोणत्या प्रजातीवर, कोणत्या हवामानात आणि कोणत्या मातीत निघालाय ते पाहायचं, हा साहित्य-आढाव्याचा पहिला नियम.

२. पाण्याचा हिशोब

जमिनीतून उडणारी वाफ आणि पानांतून बाहेर पडणारी वाफ यांची बेरीज म्हणजे बाष्पोत्सर्जन. ते मोजण्याची जगभर वापरली जाणारी पद्धत संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने, म्हणजे एफएओने, १९९८ मध्ये ५६ क्रमांकाच्या पुस्तिकेत मांडली. तिचा पाया आहे एक काल्पनिक गवत: १२ सेंटिमीटर उंच, एकसारखं वाढलेलं, पाण्याची कमतरता नसलेलं. म्हणजे ऊस असो की कांदा, त्यांच्या पाण्याची गरज एका आदर्श लॉनच्या तुलनेत मोजली जाते! त्या गवताच्या आकड्याला पिकाच्या गुणांकाने गुणलं की त्या पिकाची गरज निघते.

याच पुस्तिकेत उष्ण हंगामाच्या लॉनचा गुणांक ०.८० ते ०.८५ आहे, थंड हंगामाच्या लॉनचा ०.९० ते ०.९५. म्हणजे योग्य गवत निवडलं की पाण्यात थोडी बचत तिथेच झाली.

आता आकडे घालू. मे महिन्यातल्या एका दिवसाचं संदर्भ बाष्पोत्सर्जन ६ मिलिमीटर धरू. प्रबंधात हा आकडा हवामान केंद्राच्या नोंदींवरून काढावा लागेल. गुणांक ०.८ घेतला तर गरज ४.८ मिलिमीटर. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर एक लिटर, हे एकदा पाठ करून टाका. मग ५० चौरस मीटरच्या, म्हणजे साधारण ५४० चौरस फुटांच्या लॉनला रोज २४० लिटर लागतील.

आपल्याकडे शहरी पाणीपुरवठ्याचा प्रचलित निकष आहे माणशी दिवसाला १३५ लिटर. म्हणजे हे लहानसं लॉन जवळपास दोन माणसांचं पाणी पितं. शिवाय २४० लिटर मुळांपर्यंत पोहोचायला हवेत. दुपारी पाइप लावून ठेवला आणि ४० टक्के पाणी उडून किंवा वाहून गेलं, तर टाकीतून ४०० लिटर जातात, तीन माणसांचं पाणी. सोसायटीचं लॉन १,००० चौरस मीटर असेल तर याच हिशोबाने दिवसाला ८,००० लिटर. दहा हजार लिटरचा टँकर दीड दिवससुद्धा पुरत नाही.

३. मातीची टाकी

पाणी रोज द्यायचं की चार दिवसांनी, हे कोण ठरवतं? मालक नाही, माळीकाकाही नाहीत. खालची माती ठरवते.

आपल्याकडे बांधकाम संपलं की मोकळी जागा मुरूम आणि राडारोड्याने सपाट करतात, रोलर फिरतो, वर सहा इंच लाल माती पसरून लॉनचे तुकडे लावतात. दाबलेल्या मुरमात मुळं फारशी शिरत नाहीत. म्हणजे गवताची टाकी फक्त सहा इंचांची.

वाळूमिश्रित पोयट्यात मुळांना मिळू शकणारं पाणी एक मीटर खोलीमागे साधारण १२० मिलिमीटर धरता येतं. १५ सेंटिमीटरमध्ये झालं १८ मिलिमीटर. गवताला ताण न देता यातलं निम्मंच वापरायचं, म्हणजे ९. रोजची गरज ४.८, म्हणजे टाकी दोन दिवसांत रिकामी. माती एक फूट, ३० सेंटिमीटर असती तर हाच हिशोब पावणेचार दिवसांवर जातो.

दिवसाआड पाणी येणाऱ्या शहरात या दोन आकड्यांमधला फरक मोठा आहे. सहा इंच मातीवरच्या लॉनची एक पाळी चुकली की ते लगेच पिवळं दिसतं. फूटभर मातीवरचं लॉन तग धरतं. इथे एक भेद नीट लक्षात ठेवा. खोल माती एकूण गरज फारशी कमी करत नाही, ती दोन पाण्यांमधलं अंतर वाढवते. परीक्षक तोंडी परीक्षेत असल्या भेदांवरच बोट ठेवतात.

४. मग वर्षभर काय करायचं?

वरचं समजलं की वेळापत्रक पाठ करावं लागत नाही, ते आपोआप निघतं.

जून ते सप्टेंबर: घाटाकडे धो धो आणि पूर्वेला चाकणकडे जाताना कमी, असा आपला पाऊस. पाणी मिळतं, पण ढगांमुळे ऊन कमी होतं. नवं लॉन लावायला पावसाची सुरुवात उत्तम, फक्त निचरा आधी करून घ्या. नत्र थोडं आणि विभागून द्यायचं, नाहीतर मुसळधार पावसात ते नाल्यात जातं. चौरस मीटरला २.५ ग्रॅम नत्र द्यायचं ठरवलं, तर युरियात नत्र ४६ टक्के असल्याने ५० चौरस मीटरला सुमारे २७० ग्रॅम युरिया पुरतो. "मूठभर टाका" या सल्ल्यापेक्षा हे बरं. लव्हाळा कंदासकट उपटायचा. गाजरगवत फुलण्याआधी, हातमोजे घालून काढायचं. हे तण भारतात पहिल्यांदा ठळकपणे नोंदलं गेलं ते १९५५ मध्ये, आपल्या पुण्यातच.

ऑक्टोबर-नोव्हेंबर: ऊन परत येतं आणि जमिनीत ओल असते. पावसाने आणि पायांनी दबलेल्या मातीत काट्याने भोकं पाडून हवा खेळती करायला हा काळ चांगला.

डिसेंबर-जानेवारी: रात्री थंड असल्याने वाढ मंदावते. गवत किंचित फिकट दिसलं की लोक घाबरून युरिया टाकतात. वाढच मंद असेल तर ते नत्र वापरणार कोण? पाणी कमी करा आणि थांबा.

फेब्रुवारी ते मे: इथे हिशोब लागतो. पाणी पहाटे द्यायचं, थोडं थोडं रोज देण्यापेक्षा भरपूर पण अंतराने. कापणी उंच ठेवायची. एका कापणीत पात्याच्या एक तृतीयांशपेक्षा जास्त कापू नये, असा नियम सांगतात. त्याच्या मागे १९५५ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्यातर्फे क्रायडर यांनी प्रसिद्ध केलेलं काम आहे: निम्म्याहून जास्त पाला एकदम काढला की मुळांची वाढ थांबते. वर कात्री चालते आणि खाली टाकी लहान होते, असं समजा.

५. लॉन कुठे नको?

पाणी वाचवायचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे क्षेत्रफळ कमी करणं. मुलं खेळतात, माणसं बसतात, तिथेच लॉन ठेवा. इमारतीच्या सावलीतल्या पट्ट्यात सी-फोर गवत झगडतच राहतं. तिथे सावली सोसणारी झाडं किंवा फरशी-खडी बरी. कडेने तगर, कण्हेर, जास्वंद, चाफा अशी रुळलेली झाडं घ्या. कण्हेर विषारी असते, म्हणून ती लहान मुलांच्या हाताला येईल अशी नको. "लॉनला पर्याय" म्हणून वेडेलिया सुचवला जातो, पण ती आक्रमक परदेशी वेल आहे. कुंपणाबाहेर गेली की आवरत नाही.

मोठ्या सोसायट्यांत सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्पाचं पाणी असतं. ते लॉनला वापरायला हरकत नाही, पण विद्युतवाहकता तपासा. ०.७ डेसिसिमेन्स प्रतिमीटरच्या खाली क्षारांची चिंता नसते. हरळी क्षार बऱ्यापैकी सोसते: मातीच्या संपृक्त अर्काची वाहकता ६.९ होईपर्यंत तिच्या वाढीत घट दिसत नाही, असा प्रमाणित आकडा आहे. बागेतली बाकी झाडं इतकी सोशिक नसतात.

६. आता संशोधनाचा प्रश्न

एफएओचा गुणांक ०.८ आहे हे पाहिलं. कॅलिफोर्नियात मात्र उष्ण हंगामाच्या लॉनसाठी ०.६ वापरण्याची शिफारस आहे. मग चूक कोण? कोणीच नाही. पहिला आकडा पाणी मुबलक असताना गवत किती वापरेल ते सांगतो, दुसरा किती दिलं तरी लॉन स्वीकारार्ह दिसेल ते सांगतो. प्रश्न वेगळे, म्हणून उत्तरं वेगळी.

आणि या दोन आकड्यांच्या मधल्या जागेत आपला प्रश्न बसलाय. ०.६ ने चालत असेल तर १,००० चौरस मीटरवर रोज १,२०० लिटर वाचतात, उन्हाळ्याच्या ९० दिवसांत १ लाख ८ हजार लिटर, म्हणजे दहाहून जास्त टँकर. पण मुरमावरच्या सहा इंच मातीत ०.६ चालेल का? कॅलिफोर्नियाचा आकडा याचं उत्तर देत नाही. म्हणून प्रश्न असा लिहू:

"मुरमाच्या भरावावर १५ आणि ३० सेंटिमीटर मातीत लावलेल्या हरळीला मार्च ते मे या काळात संदर्भ बाष्पोत्सर्जनाच्या ८०, ६० आणि ४० टक्के पाणी दिल्यास हिरवं आच्छादन किती टिकतं, आणि पहिल्या पावसानंतर किती दिवसांत परत येतं?"

"लॉन पिवळं पडलंय" यापासून आपण इथवर आलो. यात गवत ठरलंय, जागा ठरलीये, काळ ठरलाय, बदलायचे दोन घटक आणि मोजायच्या दोन गोष्टीही ठरल्यात. दुसरी मोजणी विसरू नका. मेमध्ये पिवळं दिसणारी हरळी मेलेली असेलच असं नाही; अनेकदा ती जमिनीतल्या खोडांच्या जोरावर पावसाची वाट पाहत थांबलेली असते. ती किती ताणानंतर परत येते हे कळलं, तर सोसायटीच्या सभेत "मेमध्ये पिवळं राहू दे" असं कुणीतरी पुराव्यानिशी म्हणू शकेल.

मांडणी: पाण्याच्या तीन पातळ्या, मातीच्या दोन खोल्या, प्रत्येकी चार पुनरावृत्ती, एकूण २४ वाफे. इमारतीची सावली सगळीकडे सारखी पडत नाही, म्हणून सावलीनुसार गट पाडून गटाच्या आत चिठ्ठ्या टाकून वाफे वाटायचे. हिरवं आच्छादन मोबाइलच्या फोटोवरून, ठरलेल्या उंचीवरून आणि ठरलेल्या वेळी मोजता येतं. मातीचा ओलावा ओव्हनमध्ये १०५ अंशांवर नमुना वाळवून.

सापळा एकच, आणि तो जुना आहे. एका वाफ्याचे दहा फोटो काढले म्हणून नमुने दहा होत नाहीत, नमुना एकच राहतो. १९८४ मध्ये हर्लबर्ट यांनी याला नाव दिलं: छद्म-पुनरावृत्ती. सोसायटी "अ" ला कमी पाणी आणि सोसायटी "ब" ला जास्त, असा प्रयोग केला तर फरक पाण्यामुळे पडला की सोसायटीमुळे, हे कधीच कळणार नाही.

सरावासाठी एक काम देतो. तुमच्या जवळच्या कुठल्याही लॉनची लांबी-रुंदी मोजा, परवानगी घेऊन एका कोपऱ्यात खुरप्याने मातीची खोली बघा, आणि टाकी किती दिवसांची आहे ते काढा. मग माळीकाकांना विचारा, ते किती दिवसांनी पाणी देतात. दोन आकडे जुळले तर त्यांच्या अनुभवामागचं कारण तुम्हाला कळलं. जुळले नाहीत तर वहीत तारीख टाकून दोन्ही लिहून ठेवा आणि तिथून पुढे शोधायला लागा.